सात आखूड, एक लांब



सडक अर्जुनी या माझ्या गावापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे धानाच्या बांध्यांतले, जुन्या मालगुजारी तलावांतले, किंवा फार तर नवेगावबांधच्या जलाशयाचे. आणि नौका म्हणजे ढिवर लोकांचा डोंगा. अशा गावच्या एका निवृत्त शिक्षकाने मालवाहू जहाजावरील जीवनाविषयी नभोवाणीवरून बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांना धारिष्ट्याचे वाटेल. परंतु रायपूर-नागपूर महामार्ग आमच्या गावावरून जातो, आणि कोहमाऱ्याच्या नाक्यावर उभे राहिले असता मोठमोठ्या लोखंडी पेट्या लादलेल्या मालमोटारी रात्रंदिवस जाताना दिसतात. त्यांतील कित्येक पेट्या पुढे कोठल्या तरी बंदरात जहाजावर चढतात. त्या पेट्यांबरोबर जी माणसे महिनेच्या महिने पाण्यावर काढतात, ती कशी जगतात आणि संकटसमयी काय करतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मीही केला नव्हता.

तो करावयास मला माझ्या एका विद्यार्थ्याने लावले. गेली बारा वर्षे तो अशा जहाजांवर नोकरीस आहे. सुटीवर आला की भेटावयास येतो, ओसरीवर बसतो आणि दोन-दोन तास बोलतो. त्याच्या तोंडून ऐकलेले आणि त्या निमित्ताने मी वाचलेले असे जे काही आहे, ते आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम ते जहाज डोळ्यांपुढे आणू. लांबी सुमारे दोनशे मीटर. त्याच्या पोटातील एकेका कोठारात आमची शाळा कौलांसकट मावावी. आणि एवढ्या पसाऱ्यावर माणसे अवघी वीस-बावीस. एक कप्तान, त्याच्या हाताखालचे अधिकारी, इंजिनघराचा मुख्य अभियंता व त्याचे साहाय्यक, आणि मग खलाशी. खलाशांच्या मुकादमास सारंग, सुकाणू धरणाऱ्यास सुकाणी आणि स्वयंपाक्यास भंडारी, ही आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली नावे भारतीय खलाशांच्या बोलण्यात अजून कानी पडतात.

दिवसाचे २४ तास चार-चार तासांच्या पहाऱ्यांत वाटलेले असतात. बारा ते चार, चार ते आठ आणि आठ ते बारा; प्रत्येक पहारा दिवसातून दोनदा येतो. ज्याच्या वाट्यास बारा ते चार येतो तो भर दुपारी आणि भर मध्यरात्री जागा असतो. ज्याच्या वाट्यास चार ते आठ येतो त्याला सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही पाहावयास मिळतात, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या मते जहाजावरील खरी श्रीमंती तीच. पहाऱ्यावर नसलेल्या खलाशांचे नित्याचे काम म्हणजे गंज खरवडणे आणि रंग देणे. खारे वारे आणि लोखंड यांचे वैर सनातन आहे. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग देऊन होतो तोच पहिल्या टोकाला गंज चढलेला असतो. खाली इंजिनघरात उष्मा ४० अंशांच्या वर, आणि आवाज असा की कानांवर झाकणे लावल्यावाचून उभे राहता येत नाही. आंघोळीचे पाणी समुद्राचेच. इंजिनाच्या उष्णतेवर त्याची वाफ करून व ती थंड करून ते गोडे केलेले असते.

पश्चिमेकडे जाताना रेखांशाचे पंधरा अंश ओलांडले की घड्याळ तासभर मागे घ्यावयाचे, पूर्वेकडे जाताना तितकेच पुढे. त्यामुळे कधी दिवस २५ तासांचा होतो, कधी २३ तासांचा. आज वार कोणता, हे पुष्कळदा भंडाऱ्याच्या हातून कळते. बिर्याणीचा वास सुटला की समजावे, रविवार उगवला. भंडारी चांगला तर प्रवास चांगला, असे खलाशी म्हणतात, आणि घरापासून सहा-सहा, नऊ-नऊ महिने दूर राहणाऱ्या माणसाच्या तोंडी ते शोभते. कोणत्याही २४ तासांत निदान १० तास आणि आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कारण झोप अपुरी झालेला माणूस समुद्रावर स्वतःसकट सर्वांनाच धोका असतो.

असा एक दिवस, तसाच दुसरा, तसाच विसावा. चोहोंकडे पाणी, तीच माणसे, तेच जिने. मनुष्याचे मन अशा वेळी डोळे उघडे ठेवून झोपी जाते. आणि अशाच एखाद्या दुपारी भोंगा वाजू लागतो. निदान सात वेळा आखूड, आणि मग एकदा लांब. जहाज कोणत्याही देशाचे असो, त्यावरील माणसे कोणतीही भाषा बोलोत, या खुणेचा अर्थ सर्वत्र एकच आहे: हातातले काम टाका, जीवरक्षक जाकीट घ्या आणि नेमून दिलेल्या जागी हजर व्हा.

ती जागा कोणती, हे त्या क्षणी कोणी सांगत नाही. ते अगोदरच ठरलेले असते. जहाजावर ठिकठिकाणी एक तक्ता लावलेला असतो. त्यात प्रत्येकाच्या हुद्द्यासमोर त्याचे काम लिहिलेले. पंप कोणी सुरू करावयाचा, दारे व झडपा कोणी लावावयाच्या, पाण्याची नळी कोणी धरावयाची, जखमीकडे कोणी पाहावयाचे, होडीत संदेशयंत्र कोणी न्यावयाचे, हे सर्व त्यात असते. आणि मुख्य माणूस स्वतःच जायबंदी झाला तर त्याच्या जागी कोण, हेही असते. आगीची एक आणि जहाज सोडण्याची एक अशा कवायतींत प्रत्येकाने दरमहा भाग घेतलाच पाहिजे. बंदरात चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे नवी चढली असतील, तर बंदर सोडल्यापासून २४ तासांच्या आत कवाईत झालीच पाहिजे. जीवरक्षक होडी दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष पाण्यात उतरवून चालवून पाहिली पाहिजे.

हे नियम सुखासुखी झालेले नाहीत. १९१२ च्या १४ एप्रिलच्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळली, तेव्हा तिच्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि होड्यांत जागा होती ११७८ जणांपुरती. एवढीच उणीव असती तर निदान तितके तरी वाचते. परंतु होड्या कशा भरावयाच्या याची तालीम नव्हती. ६५ माणसांची पहिली होडी तिशीच्या आत माणसे घेऊन पाण्यात उतरली. सुमारे १,५०० लोक बुडाले. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि आजचे नियम त्याच्याच वंशातले आहेत.

आता या कवायतींतील काही मौजेच्या आणि काही गंभीर गोष्टी सांगतो.

मनुष्य समुद्रात पडला तर काय करावे? आपण म्हणू, उडी मारून वाचवावे. जहाजावर तसे करीत नाहीत. ज्याच्या दृष्टीस तो पडतो, त्याने ओरडावे, तरंगते कडे फेकावे, आणि मग एक हात त्या माणसाकडे रोखून उभे राहावे. बस्स. नजर क्षणभरही हलवू नये. १४ नॉट वेगाने जाणारे जहाज एका मिनिटात सुमारे ४३० मीटर पुढे जाते. लाटांत माणसाचे डोके नारळाएवढेही दिसत नाही. एकदा नजरेआड झाले की पुन्हा सापडणे महाकठीण. जहाज वळवून आपल्याच वाटेवर परत आणण्याची युक्ती कप्तानास ठाऊक असते, पण जावयाचे कोठे हे त्या रोखलेल्या हातावरून कळते. हात रोखून उभे राहणे, हेच त्या घटकेचे सर्वांत मोठे काम.

दुसरी कवाईत बंद जागेत अडकलेल्या माणसास बाहेर काढण्याची. ती दर दोन महिन्यांनी होते. जहाजावर अशा कित्येक टाक्या व कोठड्या असतात की ज्या महिनोन्‌महिने उघडल्या जात नाहीत. आतले लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते. कोळसा, लाकूड, धान्य हेही तेच करतात. आपल्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो फार उतरला की आत शिरलेला मनुष्य आरोळीही न मारता कोसळतो. आणि मग अत्यंत दुःखाची गोष्ट घडते. त्याला पडलेला पाहून दुसरा धावतो, तो पडतो; दुसऱ्यासाठी तिसरा. हे ऐकताना मला आमच्याकडील जुन्या विहिरी आठवल्या. उन्हाळ्यात गाळ काढावयास एक उतरतो, त्याच्या मागून भाऊ, त्याच्या मागून शेजारी, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आमचे वडीलधारे विहिरीत आधी पेटता कंदील सोडून पाहत. तो विझला तर कोणी उतरत नसे. जहाजावर कंदिलाच्या जागी हवा मोजणारे यंत्र असते आणि दारावर एक पहारेकरी. त्या पहारेकऱ्यास आज्ञा एकच: आतला मित्र पडला तरी तू आत जावयाचे नाहीस, तू भोंगा वाजवावयाचा. बाहेर उभे राहण्यास किती धैर्य लागत असेल, याची कल्पना करून पाहा.

आणि तिसरी कवाईत आगीची. गावात आग लागली तर आपण बाहेर धावतो आणि बंबाची वाट पाहतो. भरसमुद्रात बंब येत नाही आणि बाहेर धावावयास जागा नसते. त्यामुळे तीच वीस-बावीस माणसे स्वयंपाकी, तीच अभियंते आणि तीच अग्निशामक. इंजिनघरातील आग हाताबाहेर गेली, तर सर्व दारे व झरोके बंद करून आत कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. तो आगीचा श्वास कोंडतो. पण माणसाचाही कोंडतो. म्हणून ती कळ दाबण्यापूर्वी कप्तान एकच प्रश्न विचारतो: सर्व बाहेर आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर हजेरीवाचून देता येत नाही. ‘बहुतेक सर्व’ असे उत्तर तेथे चालत नाही.

श्रोतेहो, पस्तीस वर्षे मी रोज सकाळी हजेरी घेतली. नाव घ्यावे, ‘हजर’ ऐकावे, रेघ ओढावी. शाळेच्या तपासनिसाच्या समाधानापलीकडे तिचा काही अर्थ असेल, हे माझ्या ध्यानी फारसे आले नव्हते.

कवाईत नसेल आणि कोणाचे काम कोणते हे ठरलेले नसेल, तर केवळ शौर्य किती अपुरे पडते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. फोर्ट स्टिकिन नावाचे मालवाहू जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी कराचीहून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. युद्धाचे दिवस होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा व स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीस भरलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात! १४ एप्रिलच्या दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर येत असल्याचे लक्षात आले. बंब आले, पाणी सुरू झाले. परंतु आगीचे मूळ सापडेना. जहाज तेथेच बुडवावे, की ओढून समुद्रात न्यावे, की पाणीच मारीत राहावे? गोदीवर अधिकारी पुष्कळ होते, प्रत्येकाचे मतही होते. पण सर्वांवर आज्ञा चालेल असा एक मनुष्य नव्हता. मते देण्यात ती मोलाची वेळ निघून गेली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. आसपासची जहाजे, वखारी आणि वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. शेकडो माणसे मेली. मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या जवानांच्या शौर्याला तोड नव्हती. त्यांना उणीव पडली ती एकमुखी आज्ञेची आणि आधी केलेल्या विचाराची.

याच्या उलट बाजू पाहावयाची तर अलीकडचे उदाहरण घेऊ. २०२५ च्या मे महिन्यात एमएससी एल्सा ३ हे ६४० पेट्या घेऊन विझिंजमहून कोचीकडे निघालेले जहाज २४ तारखेस एका अंगावर कलले आणि दुसऱ्या दिवशी बुडाले. जहाजावर २४ माणसे होती. त्यांतील २१ जणांना पहिल्याच दिवशी वाचविण्यात आले. कप्तानासह तिघे जहाज सावरण्याच्या आशेने मागे राहिले, त्यांना नौदलाच्या सुजाता या नौकेने दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवून घेतले. जहाज गेले, माल गेला, किनाऱ्याचे नुकसान झाले. पण २४ पैकी २४ वाचले.

मात्र कवाईत केली म्हणजे यम दारातून परत फिरतो, असे कोणी समजू नये. पुढच्याच महिन्यात, ९ जून रोजी, कोलंबोहून आपल्या न्हावाशेवा बंदराकडे येणाऱ्या वान हाई ५०३ या जहाजावर केरळच्या किनाऱ्यापलीकडे स्फोट होऊन आग भडकली. २२ पैकी १८ जणांची सुटका झाली. चौघे बेपत्ता झाले. कवाईत संकटाला थांबवू शकत नाही. संकट आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जी धांदल उडते, तिच्यात हातापायांना वाट दाखविणे एवढेच तिचे काम. भीती ऐनवेळी माणसास विचार करू देत नाही. म्हणून विचार आधी करून तो हातापायांच्या स्वाधीन करून ठेवावा लागतो.

हे सर्व खरे असले तरी कवायतीचा कंटाळा येतो, हेही तितकेच खरे आहे. माझा विद्यार्थी प्रथम ज्या जहाजावर गेला, त्या कंपनीचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. तेथे कवाईत कागदावर होत असे. शनिवारी दुपारी सर्वांनी जाकिटे घालून उभे राहावयाचे, छायाचित्र काढावयाचे, वहीत सह्या करावयाच्या आणि चहाला जावयाचे. त्याला ते सोयीचेच वाटले. पुढे दुसऱ्या जहाजावर एक जुना कप्तान भेटला. त्याने एके दिवशी सर्वांचे डोळे फडक्याने बांधून त्यांना इंजिनघराच्या तळाशी उभे केले आणि म्हणाला, ‘आता वर या.’ धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. आणीबाणीसाठी ठेवलेल्या लहान श्वासयंत्रात हवा असते ती सुमारे दहा मिनिटांची. रोज ज्या जिन्यांवरून तो दहा वेळा चढे-उतरे, त्यांच्या पायऱ्या किती आणि कठडा कोठे संपतो, हे आपणांस ठाऊक नाही, असे त्या दिवशी त्याला प्रथम कळले. पहिल्या खेपेस त्याला वर यावयास सतरा मिनिटे लागली.

‘सतरा मिनिटे, गुरुजी,’ तो मला म्हणाला. ‘म्हणजे मी सात मिनिटांपूर्वीच मेलो होतो.’

मी हसलो. तो हसला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘तुम्हांला आपली तलावावरची सहल आठवते?’

मला आठवत होती, आणि आपणांस ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. वीसाहून अधिक वर्षे झाली. मी चौथीची मुले घेऊन एका तलावावर गेलो होतो. मुलांनी हट्ट धरला म्हणून सर्वांना एकाच नावेत बसविले. नाव इतक्या जणांची नव्हती, आणि जाकीट एकाच्याही अंगावर नव्हते. मधोमध गेल्यावर पलीकडच्या काठी सारसांची जोडी उतरली. ‘सारस! सारस!’ म्हणून सारी मुले एका बाजूस धावली. नाव कलली, काठावरून पाणी आत आले. नावाडी वृद्ध होता. तो असा कडाडून ओरडला की मुले होती तेथे मटकन खाली बसली, आणि नाव सावरली. काठाला लागल्यावर आम्ही डबे खाल्ले. शाळेत परतल्यावर सहल उत्तम झाली असे मी सांगितले, आणि पुढे ते स्वतःलाही खरे वाटू लागले.

तो विद्यार्थी त्या नावेत होता. तो म्हणाला, ‘गुरुजी, काठावर उतरल्यावर तुम्ही आम्हांला मोजले. पण बसताना मोजले नव्हते. एखादा कमी झाला असता, तर तुम्हांला कळले कसे असते?’

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. जहाजावर कोणी चूक केली तर कवायतीनंतर ती जशी सरळ सांगतात, तशी त्याने ती सांगितली. मला उत्तर सुचले नाही. नावेत बसलेली ती मुले कोणाकोणाची होती, त्यांच्या आया कोणत्या, हे सारे त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढून जात राहिले.

निवृत्तीस तेव्हा काही वर्षे बाकी होती. शाळेत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आगाऊ न सांगता, घंटा वाजविण्यास मी सुरुवात केली. सात आखूड ठोके आणि एक लांब. पहिलीच्या मुलांनी कोणत्या दाराने निघावयाचे, पायाने अधू असलेल्या मुलीस कोणी हात द्यावयाचा, तो गैरहजर असेल तर दुसरे कोण, आणि चिंचेखाली कोणत्या वर्गाने कोठे उभे राहावयाचे, हे सर्व लिहून भिंतीवर लावले. सकाळच्या हजेरीचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावयाचा आणि चिंचेखाली पुन्हा मोजावयाचे. पहिल्या खेपेस दोन मुले कमी भरली. ती पाणी पिण्यास गेली होती. पण ती सापडेपर्यंत माझ्या जिवाचे जे झाले, ते मलाच ठाऊक. सहकारी हसले, काही पालकांनी अभ्यास बुडतो अशी तक्रार केली. माझ्या कारकीर्दीत त्या घंटेचा खरा उपयोग एकदाही पडला नाही, आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खेद नाही.

श्रोतेहो, आपण शहरांत उंच इमारतींत राहता. आपल्या जिन्यावर जुन्या सायकली आणि कपाटे तर ठेवलेली नाहीत ना? स्वयंपाकघरातील गॅसची टाकी बंद करणे घरात किती जणांना येते? रात्री दिवे गेले आणि धूर झाला, तर आजीचा हात कोणी धरावयाचा, आणि तो बाहेरगावी असेल तर कोणी? खाली उतरल्यावर सर्वांनी कोणत्या झाडापाशी, कोणत्या दिव्यापाशी जमावयाचे? आज रात्री जेवावयास बसाल तेव्हा हे एकमेकांना विचारा. उत्तरे जुळली तर आनंद आहे. न जुळली तर येत्या रविवारी, बिर्याणीच्या आधी, एकदा डोळे मिटून जिना उतरून पाहा.

माझा विद्यार्थी या घटकेस कोठल्या समुद्रात आहे, हे मला नक्की सांगता येणार नाही. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा त्याचा पहारा चार ते आठचा होता. तेथे सूर्य उगवत होता आणि आमच्याकडे दुपार झाली होती. बोलता बोलता मागे भोंगा ऐकू आला. ‘कवाईत आहे, गुरुजी,’ म्हणून त्याने घाईने फोन ठेवला. मी ठोके मोजले. सात आखूड, आणि एक लांब.